बरकत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला एक वर्ष लातुरास आणि एक वर्ष नांदेडास भरते, त्यांच्यापाशी मी अंकगणित शिकलो. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतील भेद फळ्यावर मांडून झाला, सर्वांची उत्तरे जुळली, की ते खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "आता सांगा, हे व्याज कोणाच्या घरातून निघाले आणि कोणाच्या घरात गेले?" त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या अखेरच्या पानावर छापलेले नसे, आणि गुरुजीही ते सांगत नसत. साठ वर्षांनंतर त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मिळाला असताना पैसा आणि सुख यांच्या संबंधाखेरीज दुसरा विषय घेणे मला कृतघ्नपणाचे वाटले असते.

हा विषय वेदान्ताच्या वाटेने मांडता येतो, तसाच अर्थशास्त्राच्याही वाटेने मांडता येतो. मी तो खळ्यावरून मांडणार आहे. आमचे गाव कंधार तालुक्यातले. सुगी संपली, ज्वारीची रास लागली, की वडील पायलीने माप घालावयास बसत. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'बरकत' म्हणत. आणि मग 'दोन', 'तीन' असे पुढे चालत. कोठे 'लाभ' म्हणण्याची चाल आहे, आमच्याकडे 'बरकत'. नुकतेच अंकगणित शिकू लागलेल्या मला ती मोजणी सदोष वाटली आणि मी तसे बोलून दाखविले. वडील रास मोजता मोजता म्हणाले, "किती आलं ते मागून मोजायचं, बाळ. आधी पुरू दे म्हणायचं." अरबीतून फारसीच्या आणि उर्दूच्या वाटेने आलेला हा शब्द रोजनामा, जमाबंदी यांच्याबरोबर मराठवाड्यात उतरला खरा, परंतु ते शब्द कचेरीत राहिले आणि हा एकटा माजघरात शिरला. पगार दुप्पट झाला तरी 'पैशाला बरकत नाही' असे म्हणणारी गृहिणी आणि कोरडवाहू आठ एकरांवर पाच लेकरे वाढवून 'बरकत आहे' म्हणणारी गृहिणी, या दोघीही खरेच बोलत असतात. रक्कम ही एक वस्तू आहे आणि बरकत ही दुसरी वस्तू आहे. ही दुसरी वस्तू कशाने येते आणि कशाने जाते, एवढाच माझा आजचा शोध आहे.

परंतु आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैशावाचून माणूस सुखी असतो, असे मी सांगावयास आलो आहे असे कोणास वाटू नये. सुखी माणसाच्या सदऱ्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राजा आजारी पडतो, सुखी माणसाचा सदरा आणा असे वैद्य सांगतात, दूत राज्यभर हिंडतात, आणि अखेर सुखी माणूस सापडतो तेव्हा त्याच्या अंगात सदराच नसतो. ही कथा मला मान्य नाही. त्या माणसाला बायको होती का? मुलगी होती का? पौषाच्या थंडीत त्या मुलीने काय पांघरले? दूतांनी त्या माणसास विचारले. त्याच्या घरच्यांस विचारल्याचे कथेत कोठेही नाही. कथा राजाची आहे, आणि दरिद्री माणूस उघडा असूनही सुखी आहे हे ऐकून ज्याला बरे वाटेल असा तिच्यात एकच माणूस आहे, तो म्हणजे राजा.

१९७२ च्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो आणि खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट लिहीत होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लक्षांच्या जवळपास माणसे अशा कामांवर होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांसाठी सुकडी, डोळ्यांत उडणारी कच आणि आठवड्याचा बटवडा, हे ज्यांनी पाहिले आहे ते पैसा आणि सुख यांचा संबंध नाही असे कधी म्हणणार नाहीत. बटवड्याच्या रात्री त्या माळावर माणसे झोपत. आधीच्या रात्री झोपत नसत, हे मला त्या दिवशी कळे. उद्याच्या पिठाची सोय झालेल्या माणसास जी झोप लागते, तिला क्षुद्र सुख म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली या महाराष्ट्राने केला, आणि काम मागणे ही याचना नसून हक्क आहे असे कागदावर आले. २०१६ साली लातुरास काय झाले ते तर तरुणांनाही ठाऊक आहे. मांजरा धरण कोरडे पडले, मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या महिन्यांत ऐपतीच्या माणसाने टँकर विकत घेतला आणि हातावर पोट असलेल्याने रात्र जागून घागर भरली. अभावाच्या मुलखात पैसा सुख देतो, निश्चित देतो, आणि जो ते नाकारतो त्याने तहान पाहिलेली नाही.

आता रकमेकडे वळू. पैसा वाढत गेला तर सुख त्याच मानाने वाढत जाते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही, कारण एके काळी जगातील सर्वांत श्रीमंत मानलेला पुरुष हाच आपला राजा होता. मीर उस्मान अली खान १९११ साली निजाम म्हणून हैदराबादच्या गादीवर आले. अमेरिकेच्या 'टाइम' नियतकालिकाने १९३७ च्या फेब्रुवारीत त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले ते याच कारणाने. सुमारे १८४ कॅरटांचा जेकब हिरा ते टेबलावर कागद उडू नयेत म्हणून वजनासारखा वापरीत, आणि अंगावर मात्र जुनी शेरवानी व विटलेली तुर्की टोपी असे, असे सांगतात. मी त्यांची निर्भर्त्सना करण्यास उभा नाही. शिक्षणसंस्थांना त्यांनी दिलेल्या देणग्या नोंदलेल्या आहेत. मला एवढेच विचारावयाचे आहे की तो हिरा त्या टेबलावर पडून असताना कंधारच्या, औशाच्या, उदगीरच्या रयतेच्या जीवनात त्याने काय केले? येथल्या माणसाचे चलनही निराळे होते, हाली सिक्का. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी हद्दीतले रुपये, मिळत, आणि सोलापूरच्या बाजारात उतरलेला आमचा शेतकरी पहिल्याच पावलाला सातातला एक गमावून बसे. पुढे १९९५ साली भारत सरकारने निजामाचे जवाहिर २१८ कोटी रुपयांस विकत घेतले, आणि तो हिरा आता रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे. एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत एवढाच त्याचा प्रवास झाला. रक्कम होती, बरकत नव्हती, कारण बरकतीला चालावे लागते.

आणि त्याच राजाच्या विरुद्ध ज्यांनी स्टेट काँग्रेसची धुरा वाहिली ते कोण होते? स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले आणि अंबाजोगाईचे शिक्षक, भगवी वस्त्रे आणि कारावास एवढीच ज्यांची मिळकत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि १९९४ साली याच तारखेस नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव मिळाले. तथापि येथेही मी सावध राहू इच्छितो. स्वामीजींनी दारिद्र्य स्वीकारले; आमच्या खडी फोडणाऱ्या बायांनी ते स्वीकारलेले नव्हते. पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य यांना एका पारड्यात घालणे हा संन्याशाचाही अपमान आहे आणि मजुराचाही.

पाश्चात्य पंडितांनी या प्रश्नाचा बराच विचार केला आहे, तो थोडक्यात सांगतो. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखविले की एका देशात पाहिले तर श्रीमंत हे गरिबांपेक्षा स्वतःला अधिक सुखी म्हणतात, पण सबंध देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढले तरी देशाचे सुख त्या मानाने वाढत नाही. २०१० साली कानेमान आणि डीटन यांना असे आढळले की एका मर्यादेनंतर उत्पन्न वाढले तरी रोजच्या मनःस्थितीत फरक पडत नाही. २०२३ साली कानेमान यांनीच किलिंग्सवर्थ या तरुण संशोधकाच्या साहाय्याने आपल्या निष्कर्षाची फेरतपासणी केली आणि सांगितले की बहुसंख्य लोकांचे सुख उत्पन्नाबरोबर पुढेही वाढत राहते. मात्र जे मुळातच अत्यंत दुःखी आहेत त्यांचे दुःख एका मर्यादेपर्यंतच हलके होते आणि तेथे थांबते. आपल्याच सिद्धान्ताची अशी उलटतपासणी करणाऱ्या वृद्ध विद्वानाविषयी मला आदर वाटतो. परंतु त्यांचा तो अखेरचा निष्कर्ष वाचताना मला अमेरिका दिसली नाही. मला किल्लारी दिसली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा निजली होती, आणि पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी भूमी हादरली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मणामणाच्या मातीची माळवदे, जी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखत आली होती, तीच निजलेल्या माणसांवर उतरली. सुमारे ८,००० माणसे गेली. औसा, उमरगा, लोहारा या भागांतील बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि आयुष्यात शेकड्याच्या पलीकडे नोटा न मोजलेल्या हातांत एकदम मोठी रक्कम आली. आमच्या भागात अशा पैशाला 'मावेजा' म्हणतात. धरणाखाली जमीन गेली तरी मावेजा, रस्त्यात गेली तरी मावेजा, आणि त्या वर्षी माणूस गेले तरी मावेजा.

त्या नंतरच्या दोन-तीन वर्षांत मी त्या भागात वारंवार गेलो. नव्या मोटारसायकली पाहिल्या, दारूची वाढलेली दुकाने पाहिली, विधवा सुनेच्या नावची रक्कम कोणी उचलावी यावरून भावाभावांत चाललेले दावे पाहिले, दूरदूरचे आप्त चौकशीस येताना पाहिले. शहरांतून लोक म्हणत, पैसा मिळाला आणि माणसे बिघडली. मला हा निर्णय त्या वेळीही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. ज्याला वर्षातून एकदा सुगी ठाऊक आहे, त्याच्या हातात दहा सुग्या एका दिवशी ठेवल्या तर त्याने कोणत्या हिशेबाने खर्च करावा? घरात पैसा कोठे जावा हे जिने आजवर ठरविले ती बाई ढिगाऱ्याखाली गेली असेल, किंवा मागे राहिली असेल तर तिला कोणी विचारले? आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. एका पित्याने मला सांगितले की पोरीच्या नावचे पैसे पोस्टात ठेवले तर दर वर्षी व्याज येईल, आणि ते व्याज घ्यावयास माझे पाय पोस्टाकडे वळणार नाहीत. मृताची किंमत म्हणून आलेला पैसा साठवणे म्हणजे त्या किमतीस संमती देणे, असे त्या माणसाच्या अंतःकरणाने घेतले होते. त्याने तो सहा महिन्यांत उधळला. मी त्याला उधळ्या म्हणणार नाही.

नव्या गावांकडे पाहा. सरळ रुंद रस्ते, ओळीने पक्की घरे, मोकळी हवा. या सर्वांमागचा हेतू चांगलाच होता, यात मला शंका नाही. परंतु घरांचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले : भूमिहीनास आणि अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यमास ४००, मोठ्या शेतकऱ्यास ७५०. मरण सर्वांवर एकाच मिनिटास आले, छप्पर मात्र सातबारा पाहून देण्यात आले. जुन्या गल्लीत एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर हाक जात असे. नव्या रस्त्याच्या रुंदीत ती हाक हरवली. आणि उलट बाजूही त्याच भूकंपातली आहे. जी गावे हलवावी लागली नाहीत, अशा हजारांहून अधिक गावांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि बळकटी झाली. तेथे पैसा हप्त्याहप्त्याने मिळाला, घरधन्याने आपल्या देखरेखीखाली काम करून घेतले, महिला मंडळांतील बायांनी संवाद सहाय्यक म्हणून घरोघरी जाऊन सिमेंट-वाळूचे प्रमाण सांगितले. खजिना तोच, दुर्दैव तेच, वर्षेही तीच. एका पैशाने माणसाला नुसता घेणारा बनविले आणि दुसऱ्याने कर्ता बनविले. बरकतीचा ठाव मला येथे लागला.

मावेज्याच्या अगदी उलट दिशेने येणारा एक पैसा आमच्याकडे आहे, आणि त्याविषयी बोलताना माझा स्वर चढला तर क्षमा असावी. तो म्हणजे उचल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट येथल्या तांड्यांतून आणि वाड्यांतून मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि नवराबायको मिळून एक 'कोयता' या नावाने साखर कारखान्याकडे निघतात. भाषेने माणसांची गणती हत्याराच्या नावाने करावी, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? मावेजा हा गेलेल्या वस्तूचा पैसा, आणि उचल हा अजून न केलेल्या श्रमाचा पैसा. तो लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आधीच संपलेला असतो. उसाच्या फडात पाचटावर पाय पडतो तेव्हा घाम येतो, पैसा येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी कारखाना बंद पडतो आणि हिशेब होतो. उचल फिटली नाही तर बाकी अंगावर घेऊन माणसे परततात, आणि पुढची दिवाळी तिच्यातच बांधलेली असते. ज्याचा उद्या विकला गेला आहे त्याला आज किती रुपये दिले म्हणजे तो सुखी होईल?

शिकवण्यांवर होणाऱ्या खर्चाविषयी मी बोलावे असे काही मित्रांनी सुचविले होते. लातूर आणि नांदेड ही विद्येची शहरे झाली याचा मला अभिमान आहे. मात्र एका परीक्षेच्या भरवशावर बाप जेव्हा शेत विकतो, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगावरही एक उचलच चढते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. यापेक्षा अधिक आज सांगत नाही.

मग बरकत राहते कोठे? मी लहानपणी वडिलांबरोबर तूर घेऊन लातूरच्या गंजगोलाईस जात असे. १९१७ साली वसलेल्या त्या गोल पेठेतून सोळा रस्ते फुटतात. आडत्याने पट्टी हातात दिली, हमाली-तोलाई वजा जाता रोकड मिळाली, की वडील त्यांतील एकेका रस्त्याने निघत : एका रस्त्यावर बियाणे, दुसऱ्यावर आईचे लुगडे, तिसऱ्यावर दोराचे बंडल, आणि अखेरीस आम्हां मुलांसाठी शेव-चिवडा. प्रत्येक रुपयाला ठरलेले घर होते, आणि ते आदल्या रात्री आई-वडिलांनी कंदिलाशी बसून दोघांनी ठरविलेले असे. तो पैसा फार नव्हता, पण तो श्रमाच्या मागून आलेला होता, त्यावर घरातल्या दोघांचा शब्द होता, आणि तो कोणा ना कोणाच्या हातापर्यंत चालत जात होता.

आपल्या या दोन जिल्ह्यांच्या शिवारात हा विचार धर्माच्या भाषेतही रुजलेला आहे. येथे नांदेडास १७०८ साली गुरु गोविंदसिंगजींनी देह ठेवला, आणि तख्त सचखंड हजूर साहिबचा लंगर कोण बसला आहे हे न विचारता पंगत वाढीत असतो. शीख परंपरेने वाटून खाण्याचा आदेश दिला, पण त्याच्या जोडीस 'किरत', म्हणजे स्वतःच्या हाताने कमावणे, ठेवले. पलीकडे लातूरच्या सीमेलगत कल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बिज्जलाच्या दरबारी खजिना सांभाळणारा पुरुष म्हणजे महात्मा बसवेश्वर. त्यांनी 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द दिले : आधी श्रम, आणि त्या श्रमाच्या फळाचे समाजाला अर्पण. राजाचा पैसा मोजलेल्या माणसाने हे सांगितले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आज समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या जालना-नांदेड द्रुतगती मार्गासाठी जमिनी संपादित होत आहेत. मावेजा पुन्हा येत आहे. या सभागृहात महसूल खात्यातील अधिकारी आहेत, बँकांतील मंडळी आहेत. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की दर ठरवून धनादेश हाती ठेवला म्हणजे आपले काम झाले असे समजू नका. रक्कम वाटण्यापूर्वी घरातल्या बाईला बोलावा, तिचे नाव खात्यावर घाला, ज्याला हप्त्यांनी घ्यावयाचे असेल त्याला तशी सोय द्या, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन शोधणाऱ्याला तालुक्याच्या कचेरीत चार दिवस अधिक उभे करू नका.

किल्लारीजवळच्या एका नव्या गावात एक बाई आहेत. नवरा आणि दोन मुलगे त्या पहाटे गेले. रक्कम त्यांच्या नावाने आली. शेजारचा माणूस एका लेकरासह वाचला होता, पण त्याची बैलजोडी गोठ्यात दबून मेली होती आणि रब्बीची पेरणी तोंडावर होती. बाईंनी त्याला जोडीचे पैसे दिले. कागद केला नाही, व्याज ठरविले नाही. तीस वर्षांनंतर मी त्यांना विचारले की ते पैसे फिटले का. "नाही फिटले," त्या म्हणाल्या, "आणि म्याही मागितले नाहीत." त्या शेजाऱ्याच्या मुलाकडे आता ट्रॅक्टर आहे, तरी एक जोडी त्याने ठेवली आहे. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून ती जोडी निघते, आणि मारुतीकडे जाण्याच्या आधी तो रुंद रस्ता ओलांडून बाईंच्या दारी येऊन उभी राहते. पुरणाचा घास हातात घेऊन त्या सकाळपासून उंबऱ्यात बसलेल्या असतात.